तांबड्या वाईनची दोन द्राक्षे : कॅबरने व मेर्लो

बोर्डो हे नाव आमच्या द्राक्षबागाईतदार वाचकांस नवे नाही. पावसाळी हवेत वेलीवर केवडा पडू लागला म्हणजे मोरचूद व चुना यांचे जे निळसर मिश्रण आपण फवारतो, त्यासच हे नाव आहे. परंतु ज्या गावाचे हे नाव, त्या गावाची माहिती फारच थोड्यांस असेल. फ्रान्स देशाच्या नैर्ऋत्येस, अटलांटिक महासागराजवळ, बोर्डो हे शहर असून त्याच्या भोवतालचा मुलूख तांबड्या वाईनकरिता जगप्रसिद्ध आहे. तेथील मेदोक भागात रस्त्यालगतची द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून बागवाले मोरचूद व चुना कालवून वेलींवर शिंपडीत. अशा वेलींची पाने केवड्यापासून बचावतात ही गोष्ट बोर्डो येथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे यांच्या ध्यानात १८८२ साली आली, आणि प्रयोगांती १८८५ साली त्यांनी ते मिश्रण प्रसिद्ध केले. चोरासाठी केलेली तजवीज रोगास लागू पडली, आणि तिचा लाभ आज आपल्या निफाड-दिंडोरीच्या बागांसही होत आहे.

त्याच मुलखातून वाईनच्या द्राक्षांच्या दोन जाती जगभर गेल्या. एक कॅबरने सोव्हिन्याँ (हिला पुढे नुसते कॅबरने म्हणू) व दुसरी मेर्लो. २०१५ सालच्या आकड्यांप्रमाणे जगात कॅबरनेची लागवड सुमारे ३ लक्ष ४१ हजार हेक्टर व मेर्लोची सुमारे २ लक्ष ६६ हजार हेक्टर होती, आणि वाईनच्या द्राक्षांत ह्या जाती पहिल्या व दुसऱ्या क्रमांकावर होत्या. वाईनच्या द्राक्षांची लागवड करू इच्छिणारे आपले बागाईतदार ‘ह्यांत चांगली कोणती?’ असे विचारतात. ह्या प्रश्नास पिणाऱ्याचे उत्तर निराळे व पिकविणाऱ्याचे निराळे. मद्यपानाची भलामण करण्याचा आमचा हेतू नाही. पीक म्हणून ह्या जातींकडे पाहिल्यास काय दिसते एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम जमिनीचा विचार करू. गारोन व दोर्दोन्य ह्या दोन नद्या मिळून जिरोंद नावाची रुंद खाडी होते. तिच्या डाव्या तीरावर मेदोक हा भाग आहे. येथील जमीन म्हणजे नद्यांनी वाहून आणलेल्या गोट्यांचे व वाळूचे उंचवटे. मूळचा हा भाग दलदलीचा. सतराव्या शतकात डच लोकांनी चर खणून तो निचऱ्याचा केला. अशा गोटाळ जमिनीत पाणी ठरत नाही, व दिवसा तापलेले गोटे रात्री ऊब देतात. उजव्या तीराकडे सेंतेमिलियों व पोमेरोल हे भाग आहेत; तेथे चुनखडी व चिकण माती अधिक. चिकण माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे ती थंड असते आणि वसंतात उशिरा तापते. ऊबदार जमिनीत कॅबरने व थंड जमिनीत मेर्लो, अशी वाटणी तेथील शेतकऱ्यांनी पिढ्यानुपिढ्यांच्या अनुभवाने केलेली आहे. कॅबरने उशिरा पिकणारी असल्याने थंड चिकणीत ती बहुधा कच्चीच राहते. मेर्लो लवकर पिकणारी असल्याने तिचे तेथे भागते. पोमेरोल येथील पेत्रुस ही बाग अवघी सुमारे साडेअकरा हेक्टरांची असून ती चिकण मातीच्या टेकाडावर आहे. त्या बागेत मेर्लोच आहे, आणि तिची वाईन जगातील अत्यंत महाग वाईनींत गणली जाते. चिकणीस नावे ठेवणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

पिकण्यातील हा फरक कोठून आला, ह्याचा उलगडा अलीकडेच झाला आहे. कॅबरने ही कॅबरने फ्रां नावाची तांबडी जात व सोव्हिन्याँ ब्लां नावाची पांढरी जात यांच्या नैसर्गिक संकरातून झालेली आहे, असे कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठात कॅरोल मेरेडिथ व जॉन बॉवर्स यांनी बीजद्रव्याच्या तपासणीने सिद्ध केले व १८९७ नव्हे, तर अगदी परवापरवा म्हणजे १९९७ साली ते प्रसिद्ध केले. इतकी नामांकित जात, पण तोवर तिच्या कुळाचा पत्ता नव्हता! मेर्लोचाही एक जनक तोच कॅबरने फ्रां. म्हणजे ह्या दोघी सावत्र बहिणी होत. मेर्लोची आई मात्र बरीच वर्षे सापडेना. अखेर ब्रिटनी प्रांतात व शारांत भागातील काही घरांजवळ जुन्या, विसरलेल्या वेली आढळल्या, आणि त्याच मेर्लोच्या आईच्या जातीच्या आहेत असे २००९ साली प्रसिद्ध झाले. शारांतकडील लोक तिच्या फळास मादलेन म्हणत, कारण २२ जुलै रोजी येणाऱ्या संत मादलेनच्या सणाच्या सुमारास ते पिके. जिची आई जुलैत पिकते ती लेक लवकर पिकावी ह्यात नवल नाही. मेर्लो हे नाव बहुधा काळ्या रंगाच्या ‘मेर्ल’ ह्या पक्ष्यावरून पडले असावे. हा पक्षी पिकल्या द्राक्षांचा शौकी आहे. पाखरे राखण्याचा त्रास ज्यांनी काढला आहे त्यांस हे नाव पटेल.

आता खरा मुद्दा. बोर्डोच्या शेतकऱ्यास वर्षातून तीन वेळा आभाळाकडे पाहावे लागते. पहिली वेळ एप्रिलात, डोळे फुटतात तेव्हा. मेर्लोचे डोळे कॅबरनेच्या आधी फुटतात. आणि त्या दिवसांत एखाद्या रात्री दव गोठले तर कोवळे फुटवे जळून काळे पडतात. २०१७ व २०२१ ह्या दोन्ही सालच्या एप्रिलात असे झाले. दुसरी वेळ जूनच्या सुमारास, फुलोऱ्यात. तेव्हा हवा थंड व पावसाची असली तर मेर्लोची फुले गळतात, मणी धरत नाहीत व घड विरळ राहतात. कॅबरनेस हा उपद्रव त्या मानाने कमी. तिसरी वेळ काढणीची. मेर्लो साधारणपणे आठवडा ते दोन आठवडे आधी पिकते, म्हणून शरदातील पाऊस लागण्यापूर्वी ती पुष्कळदा घरात येते. कॅबरने मात्र वेलीवर उभी असते आणि शेतकरी एकेक दिवस मोजीत बसतो.

म्हणजे पहिल्या दोन वेळी मेर्लोस धोका अधिक, आणि तिसऱ्या वेळी कॅबरनेस. आपल्याकडील शेतकरी कपाशीत तुरीचे तास टाकतो ते काय म्हणून? एकाच दिवसाच्या लहरीवर सबंध वर्षाची कमाई अवलंबून राहू नये म्हणून. बोर्डोची वाईन दोन-तीन जातींच्या मिश्रणाची असते ह्याचे कौतुक रसिक लोक चवीच्या दृष्टीने करतात; पण त्या मिश्रणाचे मूळ शेतकऱ्याच्या ह्या धास्तीत आहे असे आम्हास वाटते. तेथे प्रत्येक जातीचा, किंबहुना प्रत्येक वाफ्याचा रस निरनिराळा आंबवितात आणि त्या वर्षी कोणती जात कशी उतरली हे चाखून मग प्रमाण ठरवितात. ज्या वर्षी कॅबरने कच्ची राहिली त्या वर्षी मेर्लोचा वाटा वाढतो. ज्या वर्षी मेर्लोची फुले गळाली त्या वर्षी उलट.

हिवाळ्याची झळ ह्याहून निराळी. १९५६ सालच्या फेब्रुवारीत तेथे असा कडाका पडला की उजव्या तीरावरील असंख्य वेली मुळापासून मेल्या. नव्याने लागवड करताना माल्बेक वगैरे जुन्या जाती मागे पडल्या व मेर्लो पुढे सरली. आज बोर्डोच्या तांबड्या जातींत सुमारे दोन तृतीयांश क्षेत्र एकट्या मेर्लोचे आहे आणि कॅबरने पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहे. बाहेरच्या जगात कॅबरनेचे नाव मोठे, पण घरच्या मुलखात राज्य मेर्लोचे!

फळाच्या गुणांचा फरक बागेत उभे राहून कोणासही कळण्यासारखा आहे. कॅबरनेचा मणी बारीक, गोल, जाड सालीचा, व गराच्या मानाने बी मोठे. वाईनचा रंग व तुरटपणा साल व बी यांतून उतरतो. म्हणून कॅबरनेची वाईन गडद, तुरट व पुष्कळ वर्षे टिकणारी होते. नवी असताना ती जिभेला ओढते, आणि लाकडी पिंपांत व नंतर बाटलीत मुरल्यावर मऊ होते. मेर्लोचा मणी थोडा मोठा, साल पातळ, गोडी अधिक व आंबटपणा कमी. तिची वाईन लवकर पिण्याजोगी होते. ज्यास पैसा लवकर मोकळा करावयाचा आहे त्यास हा गुण मोलाचा आहे.

कॅबरनेमध्ये एक दोष असा की, ती कच्ची तोडली अथवा तिचे घड पानांच्या दाट सावलीत वाढले तर वाईनीस हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो. हा वास ज्या द्रव्याचा, तेच द्रव्य ढोबळी मिरचीतही असते. घडावर ऊन पडले व फळ पुरते पिकले म्हणजे ते कमी होते. कॅबरनेची वेल मूळचीच जोरकस. तिला भारी काळी जमीन व मुबलक पाणी मिळाले तर ती पानांनी माजते, आणि मग शेंडे खुडण्यास व घडांजवळची पाने विरळण्यास माणसे लावावी लागतात. मेदोकमध्ये हेक्टरी दहा हजारांपर्यंत वेली दाट लावतात; त्यामुळे प्रत्येक वेलीचा जोर आपोआप आटोक्यात राहतो आणि तिच्यावर घडही थोडेच ठेवावे लागतात.

रोगांच्या बाबतीतही दोघींनी वाटणी करून घेतली आहे. मेर्लो केवड्यास लवकर बळी पडते, व तिच्या पातळ सालीमुळे पावसात घड कुजण्याचे भय असते. २०२३ सालच्या दमट हंगामात बोर्डोत केवड्याने मेर्लोच्या बागांचे फार नुकसान केले. मोरचुदाचे मिश्रण जेथे जन्मले तेथेच ही अवस्था! कॅबरने कुजीस चांगली तोंड देते, पण तिला भुरी लागते, आणि छाटणीच्या जखमांतून शिरून खोड आतून वाळविणारे बुरशीचे रोग तिच्यात अधिक आढळतात. छाटणीची मोठी जखम उघडी न ठेवण्याचा जो धडा आपण देतो तो तेथेही तितकाच लागू आहे. दोन्ही जाती अर्थातच अमेरिकन खुंटावर बांधलेल्या असतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्समधील वेलींची मुळे खाऊन बागा उजाड केल्या, तेव्हापासून स्वतःच्या मुळांवर वेल लावण्याची सोय उरली नाही. आपण खुंट वापरतो ते मुख्यतः क्षार व पाण्याची टंचाई यांच्यासाठी. कारण निराळे असले तरी कलम तेच.

भावाची गोष्ट मात्र शेतकऱ्याच्या हातात नसते. १८५५ साली बोर्डोच्या वाईनींची जी प्रतवारी झाली तीत उजव्या तीराचे नावसुद्धा नव्हते. सेंतेमिलियोंची स्वतंत्र प्रतवारी व्हावयास १९५५ साल उजाडावे लागले. पुढे अमेरिकेत मेर्लोस मोठी मागणी आली, आणि २००४ साली ‘साइडवेज’ ह्या चित्रपटात एका पात्राने मेर्लो पिण्यास तावातावाने नकार दिल्यावर ती घसरली. गंमत अशी की तेच पात्र जी बाटली जिवापाड जपून ठेवते ती शेव्हाल ब्लां ह्या बागेची, आणि त्या बागेची वाईन कॅबरने फ्रां व मेर्लो यांची होते! शेतकऱ्याने लावलेली वेल पंचवीस-तीस वर्षे उभी राहावयाची, आणि गिऱ्हाइकाची आवड एका चित्रपटाने फिरावयाची. ह्याहून कठीण प्रसंग २०२३ साली आला. तांबड्या वाईनचा खप सतत घटत गेल्यामुळे बोर्डोतील सुमारे साडेनऊ हजार हेक्टर बागा उपटून टाकण्यासाठी हेक्टरी ६,००० युरो देण्याची योजना करावी लागली. जगात ज्या मुलखाचे नाव सर्वांत मोठे, तेथील साध्या शेतकऱ्यावर वेल उपटण्याचे पैसे घेण्याची पाळी यावी, ही गोष्ट नव्याने ह्या पिकात पडणाऱ्याने विसरू नये.

त्यातच हवा तापत चालली आहे. रसात दर लिटरास सुमारे १७ ग्रॅम साखर असली की आंबल्यावर शेकडा १ ह्या प्रमाणात मद्यार्क होतो. उष्ण वर्षी मेर्लोत साखर इतकी झपाट्याने चढते की वाईन १५ टक्क्यांच्या घरात जाते आणि आंबटपणा उरत नाही. पूर्वी जो लवकर पिकण्याचा गुण म्हणून मिरवला तोच आता तिला नडतो, आणि उशिरा पिकणारी कॅबरने आता मेदोकमध्ये पूर्वीपेक्षा अधिक वेळा पुरती पिकते. २०२१ साली तेथील अधिकाऱ्यांनी उष्णता सोसणाऱ्या सहा नव्या जातींस परवानगी दिली. त्यांत पोर्तुगालची तोरीगा नासिओनाल व कॅबरनेच्या संकरातून झालेली मार्सेलान ह्या तांबड्या जाती आहेत. मात्र बागेच्या शेकडा ५ पेक्षा अधिक क्षेत्रावर त्या लावावयाच्या नाहीत, असे बंधन आहे.

आता आपल्याकडे वळू. नाशिक जिल्ह्यात वाईनकरिता लावलेल्या तांबड्या जातींत कॅबरने व शिराझ ह्या प्रमुख आहेत. मेर्लोही आहे, पण त्या मानाने थोडी. (शिराझ ही रोन नदीच्या खोऱ्यातील जात असल्याने तिचा विचार येथे केलेला नाही.) बोर्डोचे वेळापत्रक आपल्याकडे जसेच्या तसे लागू करणे ही मात्र चूक होईल. तेथे वेल हिवाळ्यात झोपते. आपली वेल झोपतच नाही. आपण एप्रिलात खरड छाटणी करतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी करतो, आणि जानेवारी ते मार्च ह्या काळात वाईनची द्राक्षे उतरवितो. म्हणजे तेथे फळ थंडीकडे जाताना पिकते, आणि येथे उन्हाळ्याकडे जाताना. उशिरा पिकणे म्हणजे तेथे पावसाचे व कच्चेपणाचे भय. येथे उशिरा पिकणे म्हणजे फेब्रुवारी-मार्चचे ऊन, झपाट्याने चढणारी गोडी व ढळणारा आंबटपणा. शिवाय फळ जितके अधिक दिवस वेलीवर, तितकी अवकाळी पावसाची व गारांची टांगती तलवार. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चातील गारपीट कोणाच्या स्मरणातून गेली नसेल. म्हणून कॅबरने लावणाऱ्याने फळछाटणी लांबवू नये, असे आमचे मत आहे. मेर्लोचे उलट आहे. तिची काढणी लवकर उरकते, पण फळछाटणी फार आधी केली तर परतीचा पाऊस कोवळ्या फुटीवर व फुलोऱ्यावर येतो, आणि केवडा व फुलगळ ह्या तिच्या दोन्ही कमजोऱ्या एकदम उघड्या पडतात. हलकी, मुरमाड, निचऱ्याची जमीन असेल तर कॅबरनेचा विचार प्रथम करावा. भारी काळ्या जमिनीत दोन्ही जाती माजण्याचा संभव असल्याने तेथे खुंटाची निवड व पाण्याचा हात हे जातीपेक्षाही महत्त्वाचे ठरतात.

परंतु जमीन व हवा ह्यांच्याही आधी विक्रीचा विचार करावा लागतो. खाण्याच्या द्राक्षास एका व्यापाऱ्याने पाठ फिरविली तर दुसरा मिळतो, निदान बेदाणा तरी करता येतो. वाईनचे द्राक्ष बारीक व बियांचे. ते बाजारात कोणी घेत नाही, त्यास गिऱ्हाईक वाईन करणारा कारखाना एवढेच. २००८ सालच्या मंदीनंतर नाशिककडे कारखान्यांच्या टाक्या भरून राहिल्या, माल उचलला जाईना, आणि कित्येक बागाईतदारांनी हिशेब करून वेली उपटल्या व ते पुन्हा खाण्याच्या द्राक्षांकडे वळले. तेव्हा लागवडीपूर्वी करार लेखी असावा; त्यात जात, करारमुदतीची वर्षे, गोडीचा किमान व कमाल अंश, आणि काढणीचा दिवस कोणी ठरवावयाचा हे स्पष्ट लिहिलेले असावे. शेवटची बाब किरकोळ वाटते, पण कॅबरने आठ दिवस अधिक वेलीवर ठेवा असे सांगितले गेले तर त्या आठ दिवसांत घटणारे वजन शेतकऱ्याचे असते.

आणि रोपे घेताना ती कोणत्या जातीची आहेत ह्याची खात्री डोळ्यांनी करून घ्यावी. चिली देशात एकोणिसाव्या शतकात बोर्डोहून वेली नेल्या होत्या. तेथील शेतकरी आपल्या बागांस मेर्लो म्हणत व मेर्लो म्हणूनच वाईन विकीत. काही वेली इतरांहून बऱ्याच उशिरा पिकतात हे त्यांस दिसत होते. पण तो जमिनीचा गुण असेल असे समजून ते गप्प बसत. १९९४ साली फ्रेंच वनस्पतितज्ज्ञ बुर्सिको यांनी बागेत फिरून पाने व फुलोरा पाहिला आणि त्यातील पुष्कळ वेली मेर्लो नसून कार्मेनेर ह्या, बोर्डोतून जवळजवळ नाहीशा झालेल्या, जातीच्या असल्याचे सांगितले. दोन्ही एकाच दिवशी तोडल्यामुळे इतकी वर्षे वाईनीत कच्चेपणा येत होता. ही ओळख पटविण्यास प्रयोगशाळा लागली नाही. मेर्लोच्या कोवळ्या पानाची खालची बाजू पांढुरकी लवदार असते, कार्मेनेरची तांबूस. कॅबरनेच्या पुऱ्या वाढलेल्या पानाचे कप्पे एकमेकांवर चढलेले असतात व त्यांच्यामध्ये गोल भोके राहतात. पान उजेडाकडे धरले म्हणजे ती स्वच्छ दिसतात.